गळती सापडेपर्यंत

२०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशातल्या बातम्या रोज येत होत्या. पाइपमध्ये कार्बाइड भरून उडवायच्या बंदुकीमुळे कितीतरी पोरांच्या डोळ्यांना इजा झाली होती. त्याच आठवड्यात माझा भाचा, सातवीत शिकतो, मोबाइलवर परदेशातली बटाट्याची तोफ दाखवत म्हणाला, "मामा, आपण पण करूया की." त्या तोफेतही तेच. बंद पाइपात पेटणारा वायू, एक ठिणगी आणि पुढे बटाटा.

मी स्पष्ट सांगितलं, जाळाचं काही करायचं नाही. हवेच्या जोरावर जे उडेल ते उडवू. बटाटा राहणार म्हटल्यावर तोही तयार झाला.

सुरुवात अगदी छोटी केली. माळ्यावर जुन्या टीव्हीचा अँटेना पडून होता, त्याची बोटाएवढी ॲल्युमिनियमची नळी फूटभर कापली. बटाट्याची चकती पाटावर ठेवायची, नळीचं एक तोंड तिच्यात दाबायचं, मग दुसरं. दोन्ही टोकांना बटाट्याची बुचं बसतात आणि मध्ये हवा कोंडते. मागून छडी रेटली की हवा दबते आणि पुढचं बूच फट्कन उडतं. बॉइलने १६६२ मध्ये मांडलेला नियम हाच: तापमान तेच ठेवून जागा तिसऱ्या हिश्श्यावर आणली तर दाब तिप्पट. पुस्तकात हे वाचून पोराला काही वाटलं नव्हतं. हाताला ती हवा उलट ढकलायला लागल्यावर त्याचे डोळे मोठे झाले.

बटाटाच का, तेही इथे कळलं. नळीची धार बटाटा कापते तेव्हा बूच नेमकं नळीच्या मापाचंच निघतं. वेगळा वॉशर लागतच नाही.

तरी पहिल्या दिवशी दहातले सात बार फुसके गेले. चकती पातळ असली की बूच नळीत तिरकं होतं आणि कडेने हवा जाते. दोन सेंटिमीटर जाडीवर ते थांबलं. कापताना नळीचं तोंड चेपलं होतं, ते कानशीने घासून गोल केलं. सगळ्यात जास्त त्रास बटाट्याचाच. घरातले सुरकुतलेले बटाटे रबरासारखे, त्यांचं बूच दाबलं जातं पण घट्ट बसत नाही. कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईतून कडक, ताजे आणले, तेव्हा आवाज बदलला. छडीला मुठीजवळ रबर गुंडाळून आडकाठी केली, म्हणजे ती नळीच्या पुढच्या तोंडाच्या दोन बोटं अलीकडे थांबते. मागचं बूच तिथेच राहतं आणि पुढच्या बाराला तेच पुढचं बूच होतं. डोळ्यांवर चष्मा आणि नळीचं तोंड भिंतीकडे, हा नियम पहिल्या बारापासून.

आठवडाभरात पोराला अजून मोठं हवं झालं. मोठी नळी करून बटाटा लांब फेकायचा विचार मी सोडून दिला, कारण तो कुणाला लागला तर डोकं फुटेल. त्यापेक्षा रॉकेट बरं: सव्वादोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली, तळाशी थोडं पाणी, वर दाबलेली हवा. तोंड सोडलं की हवा पाणी खाली फेकते आणि बाटली वर जाते.

बाटलीच्या तोंडात बसेल असा पाइप पाहिजे. दुकानात 'अर्धा इंची' म्हटलं आणि त्याने सीपीव्हीसी प्लास्टिकचा दिला. तो बाहेरून जेमतेम १६ मिलिमीटर, बाटलीच्या तोंडात खुळखुळायला लागला. बाटलीचं तोंड आतून साधारण पावणेबावीस मिलिमीटर असतं. यूपीव्हीसी या दुसऱ्या प्लास्टिकचा अर्धा इंची मात्र बाहेरून २१.३, तो बरोबर गेला. नाव एकच, माप वेगळं. यात एक रविवार गेला.

तो पाइप घेऊन ओ-रिंगची, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी कड्याची, खाच मारायला उद्यमनगरात गेलो. ओळखीचे एक आण्णा चाळीसेक वर्षं लेथवर उभे आहेत. त्यांनी पाइप हातात घेतला, काय करणार ते विचारलं आणि बाजूला ठेवून दिला.

"ह्यो पाण्याचा पाइप हाय. हवा भरू नकोस ह्यात. पाण्यानं फुटला तर भिजशील. हवेनं फुटला तर काचंसारखा अंगात घुसंल."

बरोबर होतं त्यांचं. पाणी दबत नाही, म्हणून चीर पडली की जोर लगेच संपतो. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी असते, सगळा साठा एकदम सुटतो. आण्णांनी भंगारातून अर्धा इंची जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी, पाइपचा तुकडा काढला. तोही बाहेरून २१.३. मला हे माहीत नव्हतं, आणि पोर तर आण्णांकडे बघतच राहिलं.

त्यांनी तोंड साफ करून खाच मारली, मी २ मिलिमीटर जाडीची ओ-रिंग बसवली, खाली बंद टोपीत साडेअकराचं भोक पाडून पंक्चरवाल्याकडून आणलेला ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह ओढून घेतला. गेजवाल्या पायपंपाने हवा भरली. काटा २० पीएसआयवर (टायरची हवा मोजतात तेच माप) गेला आणि डोळ्यांदेखत खाली आला.

पुढचे पंधरा दिवस फक्त गळती शोधली. पंक्चरवाला करतो तेच केलं, साबणाचं पाणी ब्रशने सगळीकडे लावलं. पहिले बुडबुडे टोपीच्या आट्यांतून आले. टेफ्लॉन टेप आट्यांच्या उलट दिशेने गुंडाळली होती, घट्ट करताना ती सुटत होती. मग व्हॉल्व्हच्या कडेने आले; भोकाची धार रबराला कापत होती, ती घासली. तिसरी गळती मात्र सापडेना. साबण लावला तरी बुडबुडा नाही, काटा मात्र उतरतोय. शेवटी रात्री पंखा बंद करून बाटलीत फक्त ५ पीएसआय ठेवले आणि कान जवळ नेला. बाटलीच्या तोंडाच्या आत, ओ-रिंगपाशी, बारीक सुस्कारा. खाच पावणेदोन मिलिमीटर खोल झाली होती, त्यामुळे रिंग बाटलीला नुसती टेकत होती, दबत नव्हती. आण्णांनी अर्धा इंच खाली दीड मिलिमीटरची नवी खाच मारली. रिंगला सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवलं, म्हणजे बाटली दाबताना ती गुंडाळून बाहेर येत नाही. त्या रात्री काटा ५० वर तासभर हलला नाही. पोर दर पाच मिनिटांनी उठून बघून यायचं.

बाटली सोडण्यासाठी पाइपभोवती बारा केबल टाय बांधले. त्यांची डोकी बाटलीच्या गळ्याची कडा धरतात, आणि त्यांच्यावरून सरकणारी जाड पाइपची बांगडी दोरीने खाली ओढली की सगळी एकदम सुटतात. डोकी एका पातळीत नसतील तर बाटली तिरकी सुटते. हे आम्हाला बाटली तशी सुटल्यावरच कळलं.

प्रत्येक बाटलीची आधी परीक्षा घ्यायची: काठोकाठ पाणी भरून ७० पर्यंत दाब. टिकली तर उडवताना ५० च्या वर जायचं नाही. हवा भरल्यावर बाटलीजवळ कुणी जायचं नाही, काहीही अडकलं तरी लांबूनच दोरी.

जानेवारीत कळंब्याच्या पुढे पाहुण्यांचं रान ऊस तुटून मोकळं झालं होतं. पहिलं रॉकेट दोन मजले गेलं आणि हवेत कोलांट्या मारत पडलं. वजन मागे होतं. बाटलीला तोल साधेल तिथे दोरा बांधून डोक्याभोवती फिरवली तर ती आडवी व्हायची. नाक पुढे ठेवून फिरायला हवी. नाकात शाडू भरला, तो वाळून पहिल्याच पडण्यात फुटला. मग अर्धा स्पंजचा चेंडू, त्याच्या आत वाळूची पुरचुंडी. हे मऊ असल्यामुळे सुरक्षितही. पंख जुन्या बोर्डाच्या सनपॅक शीटचे, म्हणजे पोकळ प्लास्टिकच्या पत्र्याचे. ते मी ग्लू गनने चिकटवले आणि गरम गोंदाखाली बाटलीचं प्लास्टिक आकसून सुरकुतलं. ती बाटली दाबाखाली वापरलीच नाही. आता दुहेरी टेप.

पाण्याचं माप उडवूनच ठरलं. दीड लिटर भरलं तर रॉकेट जड, हळू उठून पाण्यासकट खाली. पाणीच नाही तर मोठा फट्ट आणि दहा-पंधरा फुटांवर बाटली आडवी. पण त्या वेळी एक गोष्ट बघितली, जी मी विसरणार नाही: पडलेल्या बाटलीच्या तोंडातून पांढरं धुकं हळूहळू बाहेर येत होतं. हवा एकदम पसरली की थंड होते आणि आतल्या वाफेचे बारीक थेंब होतात. पोर गुडघ्यावर बसून ते विरेपर्यंत बघत होतं.

सातशे ते साडेसातशे मिलिलिटर, म्हणजे तिसरा हिस्सा, हे माप जमलं. उंचीसाठी मी ३० मीटर लांब उभा राहिलो, हातात कंपास पेटीतला कोनमापक आणि दोऱ्याला नट. कोन आला ४८ अंश. म्हणजे ३३ मीटर, अधिक माझ्या डोळ्यांची उंची. पुढचं रॉकेट वाऱ्याने शेजारच्या उभ्या उसात गेलं, ते अजून सापडलेलं नाही.

गेल्या रविवारी आण्णा स्वतः रानात आले. पोराने ५० पर्यंत भरलं आणि दोरीकडे मागे आला. आण्णा बाटलीकडे निघाले, तसा पोराने त्यांचा हात धरला, "आण्णा, आता जवळ जायचं न्हाई." आण्णा थांबले. लांबूनच गेजच्या काट्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"धरलाय रं," ते म्हणाले, "ओढ आता."