काजूच्या बागेला बंदूक कुठली?

डोंबिवलीची नोकरी सोडून पुतण्या कणकवली तालुक्यातल्या आमच्या वाडीत कायमचा राहायला आला, त्याला दोन वर्षं झाली. शेतीसंरक्षणासाठीचा बंदुकीचा परवाना भावाच्या नावावर आहे. भावाचं आता वय झालं, म्हणून तो पुतण्याच्या नावावर करायला कागद जमवणं चाललंय. परवा जेवताना त्याने विचारलं, "काका, जुनी एकनळी देऊन .३१५ रायफल घेऊया का? की सरळ थर्टी-ओ-सिक्स?"

बंदूक बदलायला हवी हे मलाही पटतं. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीमुळे ऐन भातकापणीत ती पोलीस ठाण्यात जमा होती. परत आली तेव्हा नळीला आतून गंजाचे ठिपके पडलेले. त्या महिन्यात डुकरांनी खालचा मळा लोळवून टाकला, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

पण रायफल नको. .३१५ ची गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे जवळजवळ १६ ग्रॅम, आणि वेग सेकंदाला २००० फुटांच्या आसपास. थर्टी-ओ-सिक्सची १८० ग्रेनची गोळी सुमारे २७०० फुटांनी सुटते. डुकराला दोन्ही पुरून उरतील. पण आपल्याला डुक्कर दिसतं कुठे? पहाटेच्या अंधुक उजेडात, बांधावर, वीस-तीस पावलांवर. नेम चुकला तर ती गोळी मैलभर जाऊ शकते. आमच्या मळ्यापलीकडे व्हाळ, व्हाळापलीकडे दुसरी वाडी. वरच्या अंगाला जांभ्याचा सडा, त्या कातळावर तिरकी आदळलेली गोळी कुठे वळेल याचा भरवसा नाही. ज्याच्या शेतातून शेजाऱ्याच्या पडवीतला दिवा दिसतो त्याने रायफल घेऊ नये, असं मी त्याला सांगितलं. बारा बोअरची म्हणजे छऱ्यांची बंदूक; तिचे छरे जवळ पुरेसे मारतात आणि लांब जाऊन लवकर दमतात. त्यांनाही समोर माणूस नाही हे बघूनच सोडायचं, ते वेगळं सांगायला नको.

मग नळीचा प्रश्न. आमच्याकडे सगळे म्हणतात, "नळी लांब तितको मार लांब." आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीला ते लागू होतं. काळी दारू सावकाश जळते, तिला लांब नळी लागते. आताच्या काडतुसातली बिनधुराची दारू पहिल्या दीड-पावणेदोन फुटांतच आपलं काम उरकते. २८ इंच आणि ३२ इंच यांत वेगाचा फरक पडतो तो नावापुरता. छरे किती पसरतील हे नळीच्या तोंडाशी असलेला चोक, म्हणजे तिथला आवळलेला भाग, ठरवतो, लांबी नव्हे. आमची एकनळी ३२ इंची, दस्त्यासकट चार फूट. काजूच्या खाली वाकलेल्या फांद्यांतून ती वळवताना दोनदा फांदीला आपटली आणि दोन्ही वेळा आवाजाने कळप उधळला. २८ इंची घेतली तर चार इंच वाचतात, आणि बागेत चार इंच पुष्कळ झाले.

म्हणून कुणी जुनीच नळी कापून देतो म्हणाला, तर त्याच्या दारात पुन्हा जाऊ नये. १९५९ च्या शस्त्र कायद्यात परवान्याशिवाय नळी आखूड करणं हा गुन्हा आहे, आणि कापताना चोकही जातो. हेही त्याला बजावलं की परवाना बंदुकीचा असतो, डुकराचा नाही. पिकाची नासाडी करणारं जनावर मारायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे वनखात्याची लेखी परवानगी आधी हातात हवी.

जेवण झाल्यावर जुनी बंदूक काढली. नळी उतरवली, पुढचं लाकूड सोडवलं, पुतण्याने फडक्याने बूड पुसलं आणि मोबाईलच्या उजेडात धरलं. गंजाखाली बारीक ठसा दिसला: ६५. काडतूस बसतं त्या जागेची ही लांबी, मिलिमीटरमध्ये. भावाच्या बिस्किटाच्या डब्यात अकरा काडतुसं होती, सगळी एलजी, म्हणजे मोठ्या छऱ्यांची. सात ६५ ची. चारांवर ७० छापलेलं.

"पण हे आत बसतंच की," पुतण्या म्हणाला.

बसणारच. काडतुसाचं तोंड दुमडलेलं असतं, त्यामुळे न उडवलेलं ७० चं काडतूससुद्धा ६५ च्या जागेत सुखाने जातं. उडताना ती दुमड उलगडते आणि तिचं टोक नळीच्या निमुळत्या भागात शिरतं. छऱ्यांची वाट अरुंद होते, दाब वाढतो. जुन्या, गंजलेल्या नळीला तो दाब सहन होईलच असं नाही, आणि तिथे डावा हात असतो. बसतं म्हणून चालतं, या समजुतीवर भावाने ती चार डब्यात ठेवली असणार. आजवर उडवली नाहीत, हे नशीब.

पुतण्याने कागदावर लिहून घेतलं: बारा बोअर, दुनळी, नळी २८ इंच, चेंबर (काडतुसाची जागा) ७०. ती चार काडतुसं मी वर्तमानपत्रात बांधून, वर पेनने ७० घालून, कपाटात वेगळी कुलपात ठेवली आहेत.