रोज अडीच गाणी

गवयानं षड्ज लावून चार आलाप घेतले की मागच्या रांगेत ‘मारवा की पूरिया?’ अशी कुजबुज सुरू व्हायची, ही पुण्याची जुनी रीत. दोन्ही रागांचे सूर तेच, त्यामुळे वादाला मरण नाही. पूर्वी तो मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत चिघळायचा आणि रिक्षात बसेपर्यंत तसाच लोंबकळत राहायचा. आता सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपातही कुणीतरी मोबाईल काढतं, विकिपीडियाचं पान शेजाऱ्याच्या नाकासमोर धरतं आणि वाद मिटतो. मिटू नये खरं तर. कारण ते पान लिहिणारा बहुधा मागच्याच रांगेत बसलेला असतो.

कोशांचं या गावाला नवल नाही. केतकरांचा ज्ञानकोश, चित्रावशास्त्र्यांचे चरित्रकोश, महादेवशास्त्री जोश्यांचा संस्कृतिकोश, सगळे इथलेच. पण तिथं चूक सापडली तर कुणाशी भांडायचं हे ठाऊक असे. विकिपीडिया २००१ साली निघाला, मराठीत २००३ साली आला, आणि भांडायचा पत्ताच गेला. चर्चेचं पान असतं म्हणा, ‘चावडी’ नावाची जागाही आहे. पण समोरचा ‘ज्ञानपिपासू४२’ असल्या नावानं वावरत असेल तर भांडणाला रंग चढत नाही.

‘नेचर’ या विज्ञान साप्ताहिकानं २००५ साली विज्ञानाचे ४२ लेख तज्ज्ञांना दाखवले होते. विकिपीडियाच्या लेखात सरासरी चार चुका निघाल्या, ब्रिटानिका या नावाजलेल्या इंग्रजी कोशाच्या लेखात तीन. फरक फार नाही, म्हणून तेव्हा बरंच कौतुक झालं. पण त्यात गवई कुठं होते? गुरुत्वाकर्षणावर कुणाचा जीव जडलेला नसतो. गवयावर असतो. दोन महिने शिकवणीला गेलेला माणूस लेखात गंडाबंध, म्हणजे गुरूनं रीतसर धागा बांधलेला, शिष्य होऊन बसतो तो याच प्रेमापोटी. भीमसेन जोशी १९३३ साली, अकराव्या वर्षी गुरूच्या शोधात घरातून निघाले. कुणी सांगतं भातावर तूप कमी पडलं म्हणून, कुणी सांगतं अब्दुल करीम खाँसाहेबांची रेकॉर्ड कानावर पडली म्हणून. तुपाची बाजू घेणारे आणि रेकॉर्डची बाजू घेणारे असे दोन पक्ष मी एकाच लग्नाच्या पंगतीत पाहिलेत. शिवाय कोशातल्या लेखाच्या नावात ‘पंडित’ लावायचं नाही, असा दंडक. खाँसाहेबांचं नाव घेताना ज्यांचा हात आपोआप कानाच्या पाळीला जातो, त्यांनी नुसतं ‘अब्दुल करीम खान’ कसं टंकायचं?

तरी सगळा दोष विकिपीडियाच्या माथी मारायला मी तयार नाही. इंटरनेटचा मागमूस नव्हता तेव्हा, १९७४ साली, गिनेस बुकानं छापलं की लता मंगेशकरांनी १९४८ ते १९७४ या काळात किमान २५ हजार गाणी ध्वनिमुद्रित केली. हिशोब करून बघा. वर्षाला साडेनऊशेच्या वर, म्हणजे रोज अडीच गाणी. दसरा-दिवाळी नाही, पडसं-खोकला नाही, सव्वीस वर्षं अखंड. तरीही कुणाच्या भुवया उंचावल्या नाहीत. मोहम्मद रफींच्या बाजूनं तर २८ हजारांचा दावा पुढं आला. म्हणजे बोली लागली! पुढं १९९१मध्ये ती नोंद गिनेसमधून गळली.

बोली मोडली तीही चाहत्यांनीच. कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांनी सिनेमामागून सिनेमा घेत, गाण्यामागून गाणं लिहीत हिंदी चित्रपटगीतांचा कोश रचला. असली मोजदाद पुढं आली तेव्हा लताबाईंची हिंदी चित्रपटगीतं पाच हजारांच्या आसपास भरली, रफींची साडेचार हजारांच्या. इतर भाषा, खासगी गाणी धरली तरी २५ हजारांचा पत्ता नाही. मला हा माणूस त्या आकड्याइतकाच वेडा वाटतो, फक्त त्याचं वेड वहीत उतरलेलं आहे. पाच हजार ही संख्या लताबाईंना कमी पडते असं ज्यांना वाटतं, त्यांची मला खरोखर गंमत वाटते.

आता संदर्भाची भानगड. २००९ साली मॉरिस जार हे फ्रेंच संगीतकार गेले. ती बातमी येताच डब्लिनच्या एका विद्यार्थ्यानं त्यांच्या तोंडी एक भावपूर्ण वाक्य घालून ते विकिपीडियावर टाकलं. संदर्भ नाही म्हणून तिथल्या संपादकांनी ते उडवलं, त्यानं पुन्हा घातलं. मधल्या वेळेत मोठमोठ्या वर्तमानपत्रांनी ते उचलून मृत्युलेखात छापलंसुद्धा. काही आठवड्यांनी त्यानंच कळवलं, तेव्हा कुठं त्यांना पत्ता लागला. तो बोलला नसता तर ते छापील मृत्युलेखच उद्या त्या वाक्याला संदर्भ म्हणून जोडता आले असते.

हे मी आमच्या ओळखीच्या एका काकांना सांगितलं. पेठेतल्या घरात त्यांच्याकडं ७८च्या रेकॉर्डींनी भरलेलं कपाट आहे. प्रत्येक रेकॉर्ड खाकी पाकिटात, पाकिटावर पेन्सिलीनं तारखा. त्यांनी एका गवयाची रेकॉर्ड काढली, सुती फडक्यानं पुसली, दिव्याखाली तिरकी धरून लेबलाच्या कडेला कोरलेला मॅट्रिक्स नंबर, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाचा क्रमांक, दाखवला. ‘लेबलवर तिलंग छापलाय, ऐक, खमाज आहे.’ खमाजच होता. जुन्या रेकॉर्डींत गाणं संपता संपता गायिका स्वतःचं नाव पुकारायची. गौहर जान १९०२ साली ‘माय नेम इज गौहर जान’ म्हणाली ती हौस म्हणून नव्हे. तबकड्या जर्मनीत छापायला जायच्या, तिथल्या माणसाला कोण गातंय ते कळावं म्हणून. याहून पक्का संदर्भ कुठला हवा? पण विकिपीडियावर काकांचा कान चालत नाही. तिथं स्वतःचं संशोधन मना आहे, कुठंतरी छापून आलेलं लागतं. नियम बरोबरच आहे. नाहीतर पुण्यातला प्रत्येक कान कोशात घुसेल.

मी म्हटलं, ‘काका, निदान या गवयाच्या पानावरच्या तारखा तरी तुम्ही दुरुस्त करा. खातं उघडून देतो.’

‘चूक त्यांनी करायची आणि निस्तरायची मी? अरे, वा!’

तरी चैन पडलं नसावं. पुढच्या खेपेला गेलो तर नातवाकडून ते पान छापून आणलं होतं. तांबड्या शाईनं पान रंगलेलं, घराण्याचं नाव खोडून वर बारीक अक्षरात खरं नाव. प्रत्येक दुरुस्तीपुढं समासात कंसात संदर्भ दिला होता: ‘स्वतः समोर बसून ऐकले.’ खाली सही, तारीख. मग त्याची नीट घडी घालून ते त्याच गवयाच्या रेकॉर्डीच्या पाकिटात सरकवलं आणि कपाटाला कुलूप लावलं.