सरकलेल्या किनाऱ्याचे शहर

नकाशावर माझे हॉटेल आणि हॉलिवूड रोड यांच्यातले अंतर बोटाच्या पेराएवढे दिसत होते, म्हणून रमतगमत चालत जायचे मी ठरवले. नकाशाला चढ ठाऊक नसतो, हे हाँगकाँग बेटावर पहिल्या सकाळीच कळले. इथे समुद्राला समांतर चालावे तेवढे सपाट. डोंगराच्या बाजूला वळले की समोर एक तर जिना असतो, नाही तर दम काढणारा चढ.

या चढावर शहराने शोधलेला उपाय म्हणजे सेंट्रल भागातून डोंगरउतारावरच्या वस्तीपर्यंत नेणारे सरकते जिने. १९९३ साली सुरू झालेली ही मालिका सुमारे ८०० मीटर लांब आहे. मात्र ती एका वेळी एकाच दिशेने चालते: वर राहणारी माणसे कामाला निघतात म्हणून सकाळी सहा ते दहा खाली, आणि त्यानंतर मध्यरात्रीपर्यंत वर. मी तिथे पोहोचले तेव्हा नऊ वाजले होते. त्यामुळे इस्त्रीच्या कपड्यांतली माणसे वरून निवांत उतरत होती आणि मी शेजारच्या पायऱ्या मोजत, धापा टाकत वर चाललेली. झाले ते बरेच झाले, कारण पायी चढले नसते तर शेली स्ट्रीटवरची जामिया मशीद नजरेतून सुटली असती. भोवती उंच इमारती उभ्या आहेत आणि मध्ये फिकट हिरव्या रंगाची ही शांत वास्तू. ती १९१५ साली मुंबईच्या हाजी मोहम्मद इसाक इलियास यांच्या खर्चाने नव्याने बांधली गेली. घरापासून इतक्या दूर, गल्लीतल्या पायऱ्यांवर मुंबईची अशी गाठ पडेल असे वाटले नव्हते.

हॉलिवूड रोडवरच्या मान मो मंदिरात विद्या आणि युद्ध यांच्या देवता शेजारी शेजारी बसलेल्या आहेत. छतापासून लोंबणाऱ्या मोठमोठ्या वेटोळ्या उदबत्त्यांची राख खांद्यावर झेलत मी तिथे थोडा वेळ उभी राहिले आणि मग पश्चिमेला पझेशन स्ट्रीटकडे निघाले, कारण खरी उत्सुकता त्या लहानशा उताराचीच होती.

२६ जानेवारी १८४१ रोजी ब्रिटिशांनी या ठिकाणी आपले निशाण रोवले, तेव्हा समुद्र इथे पायाशी होता. आज इथून लाटा पाहायच्या तर उत्तरेकडे दहा-बारा मिनिटे चालावे लागते, आणि ते चालणे म्हणजे एकामागून एक जुने किनारे ओलांडणे होय. आधी क्वीन्स रोड लागतो, जो सुरुवातीला पाण्यालगतचा रस्ता होता. मग भराव घालून मिळवलेल्या जमिनीवरचा डे वू रोड (फ्रेंच वळणाच्या या नावाचे स्पेलिंग वाचून उच्चार करू पाहणाऱ्याची फजिती ठरलेली), ज्यावरून १९०४ पासून ट्राम, आता दुमजली, घंटा वाजवत धावते. आणि त्याच्याही पलीकडे कनॉट रोड. मुंबईच्या क्वीन्स रोडचीही, म्हणजे आजच्या महर्षी कर्वे मार्गाची, हीच कथा आहे. मरीन ड्राइव्हचा भराव पडण्यापूर्वी बॅकबेचे पाणी त्याच्या जवळपर्यंत येत असे; पण आपण रोज तिथून जातो, म्हणून ते आपल्या ध्यानात येत नाही.

समुद्र हटला तरी त्याचा वास हटलेला नाही. डे वू रोडच्या पश्चिम टोकाला सुक्या मासळीची दुकाने ओळीने आहेत: वाळवलेले शिंपले, कालवे, झिंगे, बरण्यांत भरलेली आणि किंमत वाचून मागे सरावे अशी अनेक सागरी द्रव्ये. सोबतच्या पर्यटकांनी नाकाला रुमाल लावले. मला मात्र वर्सोव्याच्या वलांडीवर वाळणारे बोंबील आठवले आणि सपाटून भूक लागली.

उन्हे उतरल्यावर, समोरच्या किनाऱ्यावरच्या कौलूनला नेणाऱ्या स्टार फेरीच्या धक्क्यावर आले. या फेरीचे मूळ मुंबईहून हाँगकाँगला आलेल्या दोराबजी नवरोजी मिठाईवाला या पारशी गृहस्थांच्या बोटींत आहे. सेंट्रलचा जुना धक्काही नव्या भरावासाठी २००६ साली बंद झाला आणि फेरी आणखी पुढे, आजच्या जागी आली. तेव्हा जुना धक्का वाचवण्यासाठी नागरिकांनी निदर्शने केली होती. या बोटी दोन्ही टोकांनी सारख्याच चालतात, त्यामुळे वळावे लागते ते बाकांना. लाकडी बाकांची पाठ हलती असते. ती ढकलली की आसनाचे तोंड दुसऱ्या दिशेला होते. बाकीचे प्रवासी कौलूनकडे तोंड करून बसले. मी माझ्या बाकाची पाठ उलटी केली आणि दिवसभर तुडवलेल्या किनाऱ्याकडे पाहत बसले.