उसन्या सामानाची राजधानी

पणजीच्या चर्चच्या पांढऱ्या जिन्यावर फोटो काढायला रोज झुंबड असते, पण मान वर करून घंटेकडे बघणारा क्वचितच. ती घंटा मुळात पणजीची नाहीच. जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची ती. मठ ओस पडून कोसळला, घंटा आग्वादच्या दीपगृहात गेली आणि तिथून १८७१ साली इथे येऊन टांगली गेली. गोव्यात तिच्याहून मोठी घंटा एकच, से कॅथेड्रलची.

आमची राजधानी अशी दुसऱ्याच्या सामानावर उभी राहिली आहे, आणि मला त्यात काडीचाही कमीपणा वाटत नाही. उलट पणजीचा स्वभावच त्यातून घडला, असं माझं मत आहे.

जुनं गोवं साथींनी पोखरलं. पटकी, हिवताप, एक संपली की दुसरी. शेवटी १७५९ मध्ये व्हाइसरॉयनेच बिऱ्हाड हलवलं आणि मांडवीच्या काठी आदिलशहाच्या वाड्यात येऊन राहिला. त्या वेळी पणजी म्हणजे दलदल, खाजणं आणि माड. रायबंदरकडून येणारा दगडी बांध तेवढा आधीचा, १६३३-३४ चा. तीन किलोमीटरहून लांब आहे तो, आणि आजही आमच्या बसगाड्या त्याच्यावरूनच धावतात. पुढे दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु या अधिकाऱ्याने १८२७ ते १८३५ या काळात दलदल बुजवली, रस्ते आखले, शिपायांची बराक बांधली, सार्वजनिक वाचनालय काढलं. १८४३ साली राजधानीचा हुकूम निघाला तेव्हा शहर जेमतेम कोरडं झालं होतं.

आता आझाद मैदानाची गंमत ऐका. मधोमध तो मंडप आहे ना, तो १८४७ चा. त्याचे नक्षीदार खांब जुन्या गोव्यातल्या पडक्या दोमिनिकन चर्चमधून उचलून आणलेले. जवळ जाऊन माथ्याकडे बघा, दगडात कोरलेली पानं दिसतील. अशा कामाचे खांब त्या काळी इथे नव्याने कोण घडवणार होतं? हा सगळा थाट कशासाठी, तर गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज आफोन्सु द आल्बुकेर्कच्या पुतळ्यासाठी. मुक्तीनंतर पुतळा उतरवला, तो आता जुन्या गोव्याच्या वस्तुसंग्रहालयात आहे. म्हणजे साहेब परत गेले, खांब मात्र आमच्याकडेच राहिले. त्याच मैदानात आज त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हांच्या अस्थी आहेत, ज्यांनी पोर्तुगिजांविरुद्ध आयुष्य वेचलं. खांबांना काय, ते दोघांनाही सारखेच उभे.

मी डिचोलीचा. एलडीसी, म्हणजे कनिष्ठ कारकून, म्हणून नोकरीला लागलो तेव्हा सचिवालय आदिलशहाच्या वाड्यातच होतं. सुलतानाचा उन्हाळी महाल, मग व्हाइसरॉयचं घर, मग विधानसभा, आणि एका कोपऱ्यात आम्ही, टाचण्या आणि फायली घेऊन. जूनमध्ये नदीवरून असा दमट वारा यायचा की कार्बन पेपर बोटांना चिकटायचा आणि कपाटाच्या खालच्या खणातल्या फायलींवर पांढरी बुरशी धरायची. विधानसभा पर्वरीला गेली, मागोमाग आमची टेबलंही गेली. तिथे एसी आहे. असो.

१६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोवेकरांनी महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला नसता, तर हीच पणजी आज एखादं जिल्ह्याचं ठिकाण झाली असती. माझे वडील विलीनीकरणवाले, मामा विरुद्ध; आमच्या घरी हा वाद चतुर्थीच्या पंगतीतही मिटला नाही. ३० मे १९८७ ला गोवा राज्य झालं, तेव्हा मामा पेढे घेऊन आला होता आणि वडिलांनी ते मुकाट्याने खाल्ले.

जुन्या मेडिकल कॉलेजची तीच तऱ्हा. १८४२ ची संस्था. इस्पितळ बांबोळीला गेलं, इमारत रिकामी झाली, आणि २००४ पासून नोव्हेंबरात तिथे इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. माझी मावशी बाळंतपणाला त्याच आवारात होती. आता त्याच व्हरांड्यात गळ्यात पास अडकवून पोरं इराणी सिनेमावर वाद घालतात. मला आवडतं ते.

उसनं नसलेलं एकच मोठं काम सांगेन, ते कांपालची कला अकादमी. चार्ल्स कोरियांनी ती अशी बांधली की रस्त्यावरून आत शिरलात तर सरळ मांडवीच्या काठावर पोचता. आतल्या नाट्यगृहाच्या भिंतींवर मारियो मिरांडांनी सज्जांत बसलेले प्रेक्षक रंगवलेत. मराठी नाट्यस्पर्धेला गावोगावची मंडळी टेम्पोत सेट घालून येतात. पेडण्याच्या एका संघाच्या प्रयोगाला समोर मोजकीच माणसं होती, तर त्यांचा नट रंगमंचावरून भिंतीकडे बघून म्हणाला, ‘हे तरी शेवटपर्यंत बसतील!’ टाळ्या पडल्या. संहितेत हे वाक्य नव्हतं हे परीक्षकांना नक्की कळलं असणार.

नदीतल्या कॅसिनोंबद्दल काय लिहू? रात्री मांडवीचं पाणीच दिसत नाही, फक्त दिवे. आणि मळा या वाड्यापलीकडे, फोंतेन्हास या जुन्या वस्तीत लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपी लोकांच्या पायऱ्यांवर ठाण मांडतात. मोझांबिकहून पैसा कमावून आलेल्या सेकेरा नावाच्या माणसाचं तिथे नारळाचं बन होतं, लोक त्याला मोसमीकार म्हणत, हे त्यांना कुणी सांगत नाही. घरमालकांनी पाट्या लावल्यात, वाचतो कोण.

तरी यायचंच असेल तर ८ डिसेंबरला या. चर्चचं फेस्त असतं, चौकापासून फेरी भरते. तिथे आल्याच्या वासाचं, गुळात घोळवलेलं खाजं घ्या, पांढरं साखरेचं नको. विकणारा बहुतेक वेळा हिंदूच असतो, आणि मळ्याच्या मारुतीच्या जत्रेत तोच तुम्हाला पुन्हा भेटेल. संध्याकाळी सहानंतर गाडी आणू नका, पाटो भागात ठेवा आणि उरेची खाडी ओलांडून चालत या.