टाकीवर फाटलेला किडा

चौथीतल्या एका मुलाच्या बोटाला दोरा होता आणि दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला एक पिवळसर चतुर फडफडत होता. आमच्याकडची मुलं त्याला हेलिकॉप्टर म्हणतात. मी दोरा सोडायला लावला, पण तोवर शेपटी वाकली होती. खरं तर ती शेपटी नसतेच, ते त्याचं पोट असतं. हे मी त्या मुलाला सांगितलं तेव्हा तो नुसता बघत राहिला.

मुळशी खोऱ्यातली आमची दोनशिक्षकी शाळा. सप्टेंबरात भात पोटरीला येतं आणि मैदानावर याच पिवळ्या चतुरांचे थवे फिरू लागतात. त्या दुपारी मी नकाशा काढला. हे चतुर इथून मालदीवमार्गे समुद्र ओलांडून पार आफ्रिकेला जातात, असं मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या सागरी जीवशास्त्रज्ञांनी २००९ साली मांडलं. मी नकाशावर बोट फिरवून वाट दाखवली. मुलांनी माना डोलावल्या. आफ्रिका लांबच राहिली. पण चतुराचं बाळपण पाण्यात जातं म्हटल्यावर मात्र वर्ग उसळला.

“गुरुजी, पंख भिजत्याल की!”

शाळेमागे हातपाय धुवायच्या पाण्याची सिमेंटची टाकी आहे. दर आठवड्याला कोरडा दिवस पाळून ती घासायची असते. त्या पावसाळ्यात ते राहून गेलं होतं, ही माझी चूक. चहाच्या गाळणीनं तळ ढवळला तर गाळ, कुजकी पानं आणि त्यांत सहा पायांचे मातकट किडे निघाले. एकाला काचेच्या बरणीत ठेवलं आणि बागेतल्या फुटक्या मडक्यातल्या डासाच्या अळ्या त्यात सोडल्या. अळी वळवळत जवळ आली आणि दिसेनाशी झाली. दुसरीही तशीच गेली. तिसऱ्या वेळी एका मुलीला दिसलं. “ह्याच्या तोंडातनं हात येतो!”

तो हात म्हणजे खालचा ओठ. एरवी तोंडाखाली दुमडून ठेवलेला, भक्ष्य टप्प्यात आलं की झटक्यात पुढं येणारा. पाठ्यपुस्तकी व्याख्येपेक्षा मला तिचं वाक्य जास्त आवडलं, मी तेच फळ्यावर लिहिलं. धोका वाटला की हा किडा मागून पाण्याची चिळकांडी सोडून पुढं उसळी मारतो, हेही मुलांनीच काडी लावून शोधून काढलं. मग बराच वेळ नुसता हशा.

शनिवारी सकाळची शाळा. साडेसातला मी सायकल लावतोय तोच तीच मुलगी धावत आली. “गुरुजी, किडा वर आलाय आन् फाटलाय!”

टाकीच्या आतल्या भिंतीवर, पाण्यापासून वीतभर उंच, दोघे चिकटले होते. एकाची पाठ उकलून डोकं आणि छाती बाहेर आली होती आणि तो मागे, उलटा लोंबत होता. मेला असं सगळ्यांना वाटलं. असा तो बराच वेळ राहिला. मग एकदम वर उसळून त्यानं स्वतःच्याच कातीला पायांनी धरलं आणि पोट ओढून घेतलं. पाठीवर चार ओल्या चुरगळल्या चिंध्या. त्या डोळ्यांदेखत लांबत गेल्या. परिपाठ झालाच नाही. बाई पहिली-दुसरीची मुलं घेऊन आल्या आणि सगळी शाळा टाकीभोवती कुजबुजत उभी राहिली.

दुसऱ्याचे पंख अजून उलगडत होते. पहिलीतल्या एका लहानग्यानं हात घालून त्याला बोट लावलं. कुणी ओरडलं नाही, पण एक पंख दुमडला तो दुमडलाच. ते पंख त्या वेळी मऊ असतात, एकदा तसेच वाळले की सरळ होत नाहीत.

“आता हा उडायचाच नाही?” दोरावाल्यानं विचारलं.

“नाही.”

पहिला नऊच्या सुमारास थरथरला आणि कौलांवरून गेला. बाकीची मुलं त्याच्यामागं मैदानात पळाली. हा मुलगा टाकीपाशीच थांबला, मुंग्या आल्या की काडीनं बाजूला सारत. मी त्याला वर्गात बोलावलं नाही.

टाकी घासायची तर होतीच. सोमवारी मुलांनी उरलेले किडे गाळणीनं बादलीत काढले, टाकी घासली, भरली आणि मोजून एकवीस परत सोडले. भिंतीवरच्या दोन्ही काती त्या मुलानं आधीच कंपासपेटीत ठेवल्या होत्या. भिंगातून बघताना तो दचकला.

“गुरुजी, ह्यात दोरं हायती. पांढरं.”

मी पाहिलं. कातीच्या फटीतून केसासारखे पांढरे धागे लोंबत होते. चतुराच्या अंगात हवा खेळवणाऱ्या नळ्या असतात, त्यांचं आतलं अस्तर कात टाकताना असं ओढून बाहेर येतं. म्हणजे श्वासाचे दोरे, मी म्हणालो.

त्यानं पेटी मिटली आणि दिवसभर ती मांडीवर धरून बसला.