ओली फरशी

दुपारी फरशी पुसली आणि वाळेपर्यंत दारात उभी राहिले. ओल्या फरशीवर कुणी पाय दिला की माझं डोकं फिरतं, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. माहीत नाही ते एवढंच, की मला ती वाळताना बघायची असते. पाटी पुसून चिमणीला वारा घालायला सांगायचो ना, तेव्हापासूनचं हे खूळ. कडेनं ओल आत आत सरकायची, मधे एक काळंभोर तळं उरायचं, मग तेही जायचं. नवं गणित लिहायची मला मुळीच घाई नसायची.

कॅनडात रिजायनाला लेकीकडे एक हिवाळा काढला, तेव्हा या खुळाची चंगळ झाली. जावई ज्युनियर आइस हॉकीचे भक्त. वेस्टर्न हॉकी लीग म्हणजे साधारण १६ ते २० वर्षांची पोरं, आणि एका हंगामात ६८ सामने! मला पक, म्हणजे चेंडूऐवजी असते ती चकती, कधी दिसलीच नाही. लोक उठून ओरडले की गोल झाला समजायचं. पण २० मिनिटांचा पिरियड संपला, लोक कॉफीला पळाले, की मी सरसावून बसायचे. झांबोनी, म्हणजे बर्फ गुळगुळीत करणारी गाडी, यायची. खालच्या पात्यानं बर्फ तासत, मागे गरम पाणी पसरत, डुलत डुलत. पाणी गरमच हवं. वरचा थर जरा वितळतो, ओरखडे भरतात आणि सगळं एकजीव गोठतं. फ्रँक झांबोनी नावाच्या गृहस्थांनी १९४९ मध्ये हे यंत्र केलं. मला भेटले असते तर नमस्कार केला असता.

डिसेंबरात एका सामन्याला सगळे मांडीवर टेडी बेअर घेऊन बसलेले. यजमान संघाचा पहिला गोल झाला की ते बर्फावर फेकायचे, मग ते गरजू मुलांना जातात. गोल होता होईना. मोठमोठे बाप्ये अस्वलं कुशीत धरून ताटकळत होते.

लेकीच्या शेजारच्या घरी संघातला एक मुलगा राहायचा. आईबाप दूर, म्हणून हंगामभर अशा परक्या घरी राहतात ही पोरं. लीग मॅनिटोबापासून पार अमेरिकेतल्या ऑरेगनपर्यंत पसरलेली, प्रवास बसचा. बस पहाटे कधीतरी यायची. तोवर शेजारीणबाई दाराबाहेरचा दिवा मालवायच्या नाहीत. मी एकदा हसले त्यावर. लेक हसली नाही.

मग तिनं सांगितलं. ६ एप्रिल २०१८. रिजायनाच्याच प्रांतातल्या हंबोल्ट गावच्या ज्युनियर हॉकी संघाची बस सामन्याला निघाली होती. चौकात ट्रकशी टक्कर झाली. १६ जण गेले. त्यानंतर देशभर लोकांनी दाराबाहेर दिवा लावून हॉकी स्टिक उभ्या करून ठेवल्या. जावयांनीही आपली जुनी ठेवली होती.

पोरांना लागली तर असावी, म्हणून.