मुंजा खरा का ठेवला, हे तुम्ही विचारलेत म्हणून

कादंबरी आल्यापासून वाचक मला एकच प्रश्न विचारतात, कोणी कुतूहलाने, कोणी दुखावून: तुम्ही उमेदीची वर्षे अंधश्रद्धेविरुद्ध गावोगाव हिंडलात, मग तुमच्या पुस्तकातला मुंजा शेवटपर्यंत खरा कसा?

ज्यांनी पुस्तक वाचलेले नाही त्यांच्यासाठी इतकेच सांगते, की काही दशकांनंतरच्या मराठवाड्यात विहिरी सरकारजमा झाल्या आहेत, पाणी शिधापत्रिकेवर मिळते, रांगेतल्या मुली एकेक करून नाहीशा होतात आणि तपासाला आलेली निरीक्षक ज्या पिंपळापाशी पोहोचते तिथे मुंजा असतो. त्याच्या आडून कोणी भगत बोलत नसतो.

गुन्हा, टंचाई आणि भूत यांची मोट मी हौसेने बांधलेली नाही. 1972 च्या दुष्काळात माणसे खडी फोडण्याच्या कामावर जात होती, तेव्हाच परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये मुली आणि बायका मारल्या जाऊ लागल्या. पिंपळाखालच्या गुप्तधनासाठी मुंजाला रक्त हवे, असे कारण पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या तपासात पुढे आले. पुढे 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, काही दिवसांत जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा संमत झाला. त्याच्या अनुसूचीत गुप्तधनाबरोबरच जलस्रोताच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचाही उल्लेख आहे. तो वाचला तेव्हा कादंबरीचा गाभा माझ्या हाती आला.

मुंजा खोटा ठरवणे सोपे होते. पण तो खोटा ठरला की सारा दोष भगतावर आणि त्याच्या नादी लागलेल्या गरिबांवर जातो, बेड्या पडतात, वाचक निर्धास्त होतो आणि पाणी वाटणारे कार्यालय सुटते. माझ्या कथेत कार्यालयाला मुंजा ठाऊक आहे. त्याची मागणी टिपणीत नोंदवली जाते, कोणत्या वस्तीची पाळी हे तक्त्यात ठरते आणि सही करणाऱ्यांपैकी एकही जण अंधश्रद्ध नाही. मला भीती वाटते ती या माणसांची. भूत खरे असले तरी त्याला मुलगी द्यायची की नाही हे माणसेच ठरवतात, आणि ते ठरवणे उघडे पडावे म्हणून मी भुताच्या खोटेपणाची पळवाट बंद केली.

हे मला सरांना मात्र सांगता आले नाही. ज्यांच्या हाताखाली मी चळवळीत शिकले ते हे निवृत्त शिक्षक. नारळाच्या शेंडीत सोडियमचा तुकडा दडवून पाणी शिंपडले की ती कशी पेटते, सुरीला मिथिल ऑरेंज लावून लिंबू चिरले की रस लाल कसा दिसतो, हे आधी चमत्कार म्हणून दाखवायचे आणि मग उकलून सांगायचे, ही त्यांची रीत; उकलून सांगितल्याशिवाय गाव सोडायचे नाही, हा दंडक. एकदा शेवटची एसटी डोळ्यांदेखत गेली तरी ते हलले नाहीत, कारण मागे बसलेल्या एका आजींना लिंबाचे पटले नव्हते. तालुक्याच्या वाचनालयात माझ्या पुस्तकावर चर्चा होती तेव्हा ते आले. पानापानांत खुणेचे कागद होते. उठून शांतपणे म्हणाले, "तू नारळ पेटवलास आणि न सांगता गाव सोडलेस."

मी प्रतीकाविषयी काहीतरी बोलू लागले, आणि बोलता बोलताच मला जाणवत होते की मुंजा प्रतीक नाही हे मी स्वतःच पुस्तकभर ठासून लिहिले आहे. त्यांनी मला पूर्ण बोलू दिले. मग विचारले, "आपल्याकडची सातवीतली मुलगी हे वाचेल. तिन्हीसांजेला पिंपळाखालून जाताना तिला तुझे कार्यालय आठवेल की मुंजा?" निघताना त्यांनी पुस्तक माझ्या हाती परत दिले. आम्ही अजून बोलतो. या पुस्तकाविषयी बोलत नाही.

तेव्हाची पंचविशीतली मी सरांच्याच बाजूने उभी राहिली असती. उलगडा झाला की भीती जाते, असे ती मानत होती आणि कित्येक गावांत तसे होतानाही तिने पाहिले होते, हे मी नाकारत नाही. तिला मी एवढेच विचारीन, की ज्यांना काहीच उलगडून सांगायची गरज नाही, ज्यांना सारे ठाऊक आहे आणि तरीही जे सही करतात, त्यांच्यापुढे आपण कोणता नारळ फोडणार होतो? यावर ती गप्प बसेल असे मला वाटत नाही. ती त्या सातवीतल्या मुलीचे नाव घेईल, आणि त्या मुलीसाठी माझ्याजवळ आजही उत्तर नाही.

दुसऱ्या आवृत्तीला खुलाशाचे प्रकरण जोडावे, असे प्रकाशक सुचवतात. ते मी जोडणार नाही, आणि सरांचा प्रश्न चुकीचा होता असेही कुठे म्हणणार नाही.